मोबाईलचे न संपणारे पान

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय "सोशल मीडिया आणि मानवी वर्तन" असा छापला आहे. विषय मोठा आहे. एवढा विषय तासाभरात बोलायचा म्हणजे सगळ्याला हात लावायचा आणि हाती काहीच येऊ द्यायचे नाही, असे होते. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट उचलते. मोबाईलवर आपण बोटाने वर सरकवत जातो, एकामागून एक रील, फोटो, बातम्या येत राहतात आणि त्याला शेवट नसतो. हा शेवट कोणी काढून घेतला, आणि तो गेल्यामुळे माणसाच्या वागण्यात काय फरक पडतो, एवढेच आज बोलायचे आहे. मी मानसशास्त्र शिकवत आले, तेव्हा तेवढ्याच खिडकीतून मी हे बघणार.

आधीच एक सांगून टाकते. मोबाईल वाईट, फेकून द्या, असे सांगायला मी आलेले नाही. ज्यांचे गाणे कधी रेडिओवर लागले नाही, ज्यांच्या मोर्चाची बातमी कधी पेपरात आली नाही, त्यांना या मोबाईलने जागा दिली. १४ एप्रिलचा कार्यक्रम गावाकडची म्हातारी आई घरबसल्या बघते. हे लहान काम नव्हे. आणि मोबाईलला शिव्या घालून टाळ्या घेणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. तीसुद्धा लोक मोबाईलवरच ऐकतात! असो.

आता बघा. माझ्या वयाच्या लोकांच्या लहानपणी प्रत्येक गोष्टीला शेवट होता. वर्तमानपत्राचे शेवटचे पान यायचे, खेळाच्या बातम्या संपल्या की पेपरची घडी घालून ठेवायची. सिनेमात पडद्यावर "समाप्त" यायचे. दूरदर्शनचे प्रक्षेपण रात्री बंद व्हायचे, मग टीव्हीवर नुसत्या मुंग्या. फार कशाला, आकड्याचा नाद घ्या. त्या नादाने आपल्या वस्त्यांतली किती घरे धुऊन नेली हे तुम्हांला मी सांगायला नको. पण त्या मटक्यालासुद्धा ओपन आणि क्लोज होता. क्लोज आला की माणूस उठायचा. जिंकून उठायचा नाही बहुधा, पण उठून घरी जायचा.

शेवट आला की माणूस मान वर करतो. किती वाजले, भाकरी झाली का, पोरगं कुठं आहे, उद्या पाळी कितीची, हे सगळे त्या क्षणाला आठवते. पुढे चालू ठेवायचे की उठायचे, हा प्रश्न त्याच क्षणी मनात येतो. तो क्षणच मिळाला नाही तर प्रश्नही येत नाही. आणि प्रश्न आला नाही तर माणूस चालू ठेवतो. माझ्या आजच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा हाच आहे. बाकी सगळे त्याचे स्पष्टीकरण.

इंटरनेटलाही पूर्वी पाने होती. खाली १, २, ३ असे आकडे असायचे, पुढचे पान पाहिजे तर बोटाने दाबावे लागे. २००६ च्या सुमारास अमेरिकेत अझा रास्किन नावाच्या विशीतल्या तरुणाने हे पानाचे झंझट काढून टाकणारी रचना तयार केली. तुम्ही तळाशी पोचण्याआधीच खालचा मजकूर येऊन जोडला जातो. त्याचा हेतू वाईट नव्हता. वाचणाऱ्याला पुन्हा पुन्हा दाबण्याचा त्रास कशाला, एवढाच विचार. पुढे फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्राम सगळ्यांनी ही तऱ्हा उचलली. २०१८ मध्ये ह्याच रास्किनने बीबीसीला मुलाखत देऊन आपल्याला या रचनेबद्दल अपराधी वाटते असे सांगितले, आणि माणसांना धरून ठेवणाऱ्या या तंत्राविरुद्ध काम करणारी एक संस्था काढण्यात तो सामील झाला. ते चांगलेच झाले. पण सुटलेला बैल गोठ्यात आणायला बारा वर्षांनी निघालं तर तो सापडतो थोडाच?

या विषयावर बोलणारे लोक एक प्रयोग हमखास सांगतात. सूप पिणाऱ्या लोकांसमोर अशा वाट्या ठेवल्या की टेबलाखालच्या नळीतून त्या गुपचूप भरत राहायच्या. ते लोक ७३ टक्के जास्त सूप प्यायले म्हणे. २००५ चा प्रयोग. ऐकायला फार गोड आहे, पण तो करणाऱ्या प्राध्यापकावर कॉर्नेल विद्यापीठाने २०१८ मध्ये संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवला, त्याचे अनेक लेख नियतकालिकांनी मागे घेतले. म्हणून त्या वाटीवर मी माझा मुद्दा उभा करत नाही. त्यापेक्षा कबुतरे बरी. कबुतरांचे प्रयोग कितीदा तरी, कितीतरी ठिकाणी करून बघितलेले आहेत.

बी. एफ. स्किनर नावाचे हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली या प्रयोगांचा जाडजूड ग्रंथ काढला. पेटीत कबुतर ठेवायचे, समोर एक बटण. कबुतराने चोच मारली की दाणा. आता दर पन्नास चोचींना एक दाणा असा नेम ठेवला तर कबुतर दाणा खाते, आणि जरा थांबते. मग पुन्हा सुरू करते. पण नेम मोडला, कधी पाच चोचींना, कधी नव्वद चोचींना, कधी लागोपाठ दोनदा दाणा, असे केले तर ते थांबणे जवळजवळ संपते. कबुतर ठोकतच राहते. दाणे द्यायचे पूर्ण बंद केले तरी ते लवकर सोडत नाही, कारण पुढच्या चोचीला मिळेल ही आशा मोडायला त्याच्याजवळ काही कारणच नसते. जुगाराची यंत्रे याच नेमावर चालतात.

आता रील बघा. पहिली बकवास, दुसरी बकवास, तिसरी बरी, चौथी बकवास, पाचवीला पोट धरून हसलो. सगळ्या चांगल्या असत्या तर पोट भरले असते. सगळ्या वाईट असत्या तर फोन ठेवला असता. मधेच कधीतरी चांगली येते म्हणून बोट थांबत नाही.

डोपामीन हा शब्द अलीकडे पेपरात फार येतो. आनंदाचे रसायन असे त्याचे वर्णन करतात. ते तितकेसे बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की मेंदूतल्या त्या पेशी जोरात काम करतात; पण थेंब कधी मिळणार हे माकडाला कळू लागले की प्रत्यक्ष थेंब मिळताना त्या पेशी शांतच राहतात. म्हणजे या पेशींना सुखापेक्षा अचंब्याचे कौतुक जास्त. म्हणूनच दोन तास रील बघून उठलेल्या माणसाला "काय बघितलं?" असे विचारा, त्याला सांगता येत नाही. मी वर्गात विचारून बघितले आहे, काल रात्रीची शेवटची पाच रील सांगा. एकाने दोन सांगितली. बाकीचे हसले.

कबुतराच्या पेटीपेक्षा ही पेटी एका बाबतीत पुढे गेली आहे. इथे दाणा प्रत्येकाच्या आवडीचा असतो. तुम्ही लाईक केले नाही, काही लिहिले नाही, तरी कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलात याची नोंद होते, आणि पुढचे काय द्यायचे ते त्यावरून ठरते. आपल्याला हे सगळे फुकट मिळते, ते कसे? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीचे ९५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न जाहिरातींचे आहे. तुम्ही जितका वेळ बसाल तितक्या जाहिराती दाखवता येतात. दुकानदाराने गिऱ्हाइकाला बाहेर जायचा दरवाजाच ठेवला नाही, असा हा प्रकार आहे. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला, तोवर निदान "पॅक संपला" हा तरी एक शेवट होता. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा काहींना वाटले, आता सुटका झाली. पंधरा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आणले. दुकान बदलले, दरवाजा नव्हता तो नव्हताच.

आता वर्तनाकडे येऊ. वेळ जातो, डोळे दुखतात, झोप कमी होते, हे तुम्हांला ठाऊक आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. ही पेटी बघणाऱ्याला शिकवते तशी बोलणाऱ्यालाही शिकवते. तुम्ही काही लिहिले आणि त्याला भराभर लाईक मिळाले, तर तोही दाणाच. फेसबुकने हे लाईकचे बटण २००९ मध्ये आणले. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७३३१ लोकांचे मिळून १ कोटी २७ लाख ट्वीट त्यांनी तपासले. संतापाने लिहिल्यावर ज्यांना जास्त लाईक मिळाले, ते पुढे आणखी संतापाने लिहू लागले. म्हणजे राग हा स्वभाव होता की सवय लागली? दोन्ही असेल. पण आपल्या वस्तीतला एखादा शांत मुलगा मोबाईलवर कसा काय एवढा कडू बोलतो, याचे थोडे उत्तर यात आहे. अन्यायाविरुद्धचा राग आपल्याला नवा नाही, आणि तो वाईटही नाही. त्या रागातून माणसे रस्त्यावर आली, शिकली, संघटित झाली. पण तो राग कुठेतरी पोचत होता. हा राग पुढच्या पोस्टपर्यंत पोचतो, आणि तिथे दुसरा तयार असतो.

आपण काय बघावे हे दुसरा ठरवतो तेव्हा मनावर परिणाम होतो का, हे फेसबुकने स्वतःच तपासून पाहिले. २०१२ च्या जानेवारीत एक आठवडा ६,८९,००३ लोकांच्या पानावर कोणाला आनंदी मजकूर कमी, कोणाला दुःखी मजकूर कमी असे केले. त्यांना न विचारता! ते २०१४ मध्ये छापून आले तेव्हा गदारोळ झाला. परिणाम अगदी बारीक निघाला, हेही खरे सांगितले पाहिजे. आनंदी मजकूर कमी झाला तर माणूस स्वतःही किंचित उदास लिहितो, एवढाच. पण लाखो माणसांच्या मनाची कळ फिरवून बघता येते, आणि ज्याची फिरवली त्याला पत्ताही लागत नाही, हे तेव्हा कळले.

आणि न थांबण्याचा परिणाम नेहमी बारीक नसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झाले ते आठवा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरत होत्या. जमावाने त्या पाच जणांना ठेचून मारले. एका भटक्या समाजाची पाच माणसे, ज्यांच्याकडे स्वतःची ओळख पटवायला जमावाने क्षणाचाही अवधी ठेवला नाही. दोष मोबाईलचा एकट्याचा नाही, मारणारे हात माणसांचे होते, आणि भटक्यांकडे संशयाने बघण्याची खोड मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. पण ती खोड इतक्या वेगाने इतक्या लोकांपर्यंत पूर्वी पोचत नव्हती.

त्यानंतर काय केले ते मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि अशा निरोपांचे फिरणे ७० टक्क्यांनी कमी झाले असे कंपनीने स्वतः सांगितले. कोणाला उपदेश केला नाही, कोणाचे मन बदलले नाही. फक्त वाटेत एक छोटा गतिरोधक टाकला. माणसे तीच होती, त्यांचे वागणे बदलले.

मग पान संपवणेही कंपन्यांना जमले असते का? जमले होते! जुलै २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने एक सोय केली. तुमच्या ओळखीच्या लोकांचे गेल्या दोन दिवसांतले सगळे बघून झाले की हिरवी खूण यायची: तुमचे सगळे बघून झाले. म्हणजे "समाप्त"ची पाटी. २०२० मध्ये त्याच पाटीच्या खाली अनोळखी लोकांचा, सुचवलेला मजकूर येऊ लागला. तेव्हा "आम्हांला ठाऊक नव्हते" असे त्यांना म्हणता येणार नाही.

घरी काय करायचे, असे तुम्ही विचाराल. स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २७०० लोकांना घेऊन एक पाहणी केली. त्यांतल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. रोजचा सरासरी एक तास मोकळा झाला. तो तास कुठे गेला? थोडा टीव्हीला, आणि थोडा घरच्यांना, मित्रांना. मन थोडे बरे वाटू लागले, थोडेच. बातम्यांची माहिती कमी झाली, तो तोटा. चार आठवडे संपल्यावरही त्यांचा वापर पहिल्याइतका झाला नाही. म्हणजे सवय पोलादी नाही, पण ती मोडायला कोणीतरी बाहेरून चार आठवड्यांचा शेवट घालून द्यावा लागला.

आपल्याकडचा दाखला याहून चांगला आहे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोविडच्या काळात शाळा मोबाईलवर गेली आणि मुले पुस्तकाकडे परत येईनात, ही तिथल्या शिक्षकांची तक्रार. २०२२ च्या ऑगस्टपासून त्या गावाने रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या. बायांनी ते उचलून धरले. हे जमले याचे कारण मला असे वाटते की सगळ्या गावाचा फोन एकाच वेळी खाली जातो. एकट्याने ठेवला तर आपले काही हुकेल असे वाटत राहते. सगळ्यांनी ठेवला तर हुकायला पलीकडे कोणी नसतेच. शिवाय एकट्या मुलाची इच्छाशक्ती एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला हजारो इंजिनिअर, ही कुस्ती जोडीची नाही. पोराला "तुझ्या मनावर ताबा नाही" म्हणून बोलण्यात अर्थ नाही. ताब्यासाठी ध्यान शिकायचे असेल तर ते भंतेजी सांगतील, तो माझा प्रांत नाही. पण जिथे सवय हाताबाहेर गेली आहे तिथे डॉक्टरकडे जायला लाजू नका. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत यासाठी २०१४ पासून वेगळा दवाखाना चालतो, म्हणजे हा काही एकट्या तुमच्या घरचा प्रश्न नाही.

माझे बोलणे इथे संपले. (टाळ्या) वेळ आहे म्हणतात, तर प्रश्न घेऊ.

(एका तरुणाने विचारले: मी डिलिव्हरीचं काम करतो. बारा तास गाडी चालवून घरी येतो. रात्री तेवढाच विरंगुळा. तोही सोडू का?)

नाही. विरंगुळा हा तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या कामातही ॲपच तुम्हांला पळवते, मग घरी आल्यावर मी आणखी नियम लावू का? मी एवढेच म्हणेन, सिनेमा बघा, गाणी ऐका, ज्याला शेवट आहे ते बघा. रील बघायचीच तर बसून बघा, अंथरुणात पडून नको. उद्या सकाळी कितीला निघायचंय हे त्या फोनला माहीत नसतं. तुम्हांला माहीत असतं. गजर उठायला लावता ना, तसा एक झोपायला लावून बघा.

(एका भगिनीने विचारले: मुलीच्या शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. घरात फोन एकच. काढून कसा घ्यायचा?)

काढून घेऊ नका. गृहपाठ वहीत उतरवून घ्यायला सांगा, पाच मिनिटांत होतं. उतरवून झालं की फोन तुमच्याकडे. फोन एकच आहे ही तक्रार तुम्ही केलीत, पण खरं तर त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. चार फोन असलेल्या घरांचं मला जास्त अवघड वाटतं.

(यानंतर आपल्या वस्तीतही भोंगा लावावा का, यावर चर्चा झाली. विहाराचा ध्वनिक्षेपक वापरावा असे काहींनी सुचविले. सात वाजता नळाला पाणी येते, ती वेळ नको, असे महिला मंडळाने सांगितले. अभ्यासिकेतील मुलांनी आठ ते साडेनऊ ही वेळ मागितली. क्रिकेटच्या सामन्यांच्या दिवशी काय करायचे यावर एकमत झाले नाही. विषय समितीच्या पुढील बैठकीसाठी ठेवला आहे.)